मंडळीतल्या एका माणसाला धीर द्यायचा तर

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सकाळची उपासना साडेदहाला सुटते. भायखळ्याला. मग आवारात पंधरा-वीस मिनिटं गाठीभेटी होतात. "सलाम ताई, कशा आहात?" "प्रभूच्या कृपेने बरी आहे." एवढं बोलून जो तो घड्याळाकडे बघतो, कारण रविवारी मेगाब्लॉक असतो आणि डोंबिवली-अंबरनाथच्या माणसांना त्याच्या आधीची गाडी पकडायची असते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी एक बहीण मला "बरी आहे" म्हणाली आणि निघून गेली. तिच्या नवऱ्याची नोकरी जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि रात्रीची कुटुंबप्रार्थना बंद पडली होती. मला हे कळलं सहा महिन्यांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून.

तेव्हापासून मी हे काम ठरवून करायला लागले. महिला मंडळात, तरुण संघात, रुग्णालयांच्या भेटींत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे: धीर सगळ्यांना मिळून एकदम देता येत नाही. व्यासपीठावरून तर नाहीच, आणि रोज सकाळी फुलांच्या चित्रावर बायबलमधलं वचन टाकून ग्रुपवर पाठवण्यानेही नाही. तो एका माणसाला, त्याच्या नावाने, त्याच्या दुखण्याच्या मापाने द्यावा लागतो.

पहिली पायरी: दोन नावं लिहा

एक छोटी वही घ्या आणि त्यात दोन नावं लिहा. दहा नकोत. दहा नावं लिहिणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात वही हरवतो.

नावं सापडतात कशी? बाकांकडे बघा. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते, त्यामुळे रिकामी जागा लगेच दिसते. सलग तीन रविवार कोण आलं नाही? नेहमी पुढे बसणारं कोण आता दाराजवळ बसतं आणि आशीर्वादाच्या आधीच उठतं? गायकवृंदातून कोण काही न बोलता बाजूला झालं? प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी नेमकं कोण टाळतं? या शेवटच्या खुणेकडे जास्त लक्ष द्या. एरवी येणारा माणूस फक्त प्रभुभोजन टाळत असेल, तर बहुधा त्याच्या मनाला काहीतरी टोचत असतं, आणि त्याला तुमच्या बोलण्याआधी तुमचा भरवसा हवा असतो.

एक मात्र सांभाळा. गैरहजर म्हणजे विश्वासात थंडावलेला असं गृहीत धरू नका. आमच्यात परिचारिका पुष्कळ, त्यांना शिफ्ट असतात. कुणाकडे अंथरुणाला खिळलेली सासू असते. "हल्ली दिसत नाहीस" या वाक्यात ओरडा ऐकू येतो. "तुझी आठवण आली, म्हणून फोन केला" असं म्हणा.

दुसरी पायरी: आधी ओळखा, मग बोला

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, तीन प्रकारच्या माणसांसाठी तीन वेगळी कामं सांगितली आहेत. जे बेशिस्त वागतात त्यांना समज द्या, जे खचले आहेत त्यांना धीर द्या, जे अशक्त आहेत त्यांना आधार द्या. आणि सहनशीलता मात्र सगळ्यांशी. आपण काय करतो? थकलेल्याला समज देतो. खचलेल्याला "उपास धर, प्रार्थना वाढव" म्हणून आणखी एक ओझं देतो. आणि जो खरोखर चुकीच्या वाटेला लागलाय, त्याला गोड बोलून सोडून देतो.

एलीयाची गोष्ट, बायबलमधल्या १ राजे पुस्तकाचा १९ वा अध्याय, पुन्हा एकदा सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपाने पळाला, रानात झुडपाखाली बसला आणि "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोप. मग दूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. "वाट तुला फार आहे" हे दूताने मान्य केलं. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोहोचल्यावर देवाने विचारलं, "तू इथे काय करतोस?" त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, तेही दोनदा. त्याच्या पुढे नवं काम, त्या कामात अलीशाची सोबत, आणि तू एकटा नाहीस, सात हजार जण आहेत ही बातमी. हा क्रम पाठच करून ठेवा: झोप, भाकर, ऐकणं, काम, सोबत. आपण पहिल्या तीन गोष्टी ओलांडून थेट कामावर उडी मारतो.

म्हणून भेटीआधी स्वतःला विचारा: हा माणूस थकलाय, घाबरलाय, दुःखात आहे, शंकेत आहे, की अपराधी वाटून लांब राहतोय? कळत नसेल तर पहिली भेट फक्त कळून घेण्यासाठी. थकलेल्या आईला वचनापेक्षा दोन तास तिचं मूल सांभाळणारं माणूस हवं असतं. शंकेत असलेल्या कॉलेजच्या मुलाला "असले प्रश्न विचारू नयेत" म्हणालात तर तो प्रश्न विचारणं सोडणार नाही, तुम्हाला विचारणं सोडेल.

तिसरी पायरी: जागा आणि वेळ

मुंबईत हा प्रश्न खराच अवघड आहे. एका खोलीत सहा माणसं राहतात, टीव्ही चालू असतो, सासू तिथेच भाजी निवडत असते. अशा घरात जाऊन "मनातलं सांग" म्हणण्यात काय अर्थ? घरी जरूर जा, चहा घ्या, म्हाताऱ्यांसाठी प्रार्थना करा. पण बोलायला बाहेर काढा. राणीच्या बागेतली झाडाखालची बाकं चांगली (बुधवारी बाग बंद असते). माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्स, शिवाजी पार्कचा कट्टा संध्याकाळी सातच्या आधी. रविवारी दुपारी सँडहर्स्ट रोडच्या फलाटावरही शांत बाक मिळतं. मी दोन-तीन महत्त्वाची बोलणी तिथेच केली आहेत. गाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा सुरू. चालता चालता बोलणं पुरुषांना विशेष सोपं जातं. समोरासमोर बसलं की ते गप्प होतात, शेजारी चालायला लागले की बोलतात.

बाईने बाईला आणि पुरुषाने पुरुषाला भेटावं, किंवा दोघांनी मिळून जावं. हा संशयाचा भाग नाही. त्या माणसाचं नाव जपायचं असतं, म्हणून.

वेळ पगाराच्या आठवड्यानंतरची बघा. महिनाअखेरीला घरात चहाची साखरसुद्धा मोजून असते, आणि पाहुणा आला की यजमानीण आतल्या आत कानकोंडी होते. जाताना बिस्किटांचा पुडा न्यायला विसरू नका.

चौथी पायरी: ऐका

बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र आले. ते पुढे खूप चुकीचं बोलले, पण सुरुवातीला त्यांनी एक गोष्ट बरोबर केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याला सात मिनिटं जमत नाहीत.

मला नाही जमलं. तरुणपणी एका आईच्या घरी मी गेले होते. तिचं चार वर्षांचं लेकरू गेलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "देवाची इच्छा होती, ताई." तिने हात काढून घेतला. जोरात नाही, अगदी हळू, जसा झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून काढतात तसा. त्यानंतर ती माझ्याशी कधी मोकळेपणी बोलली नाही. "देवाची इच्छा", "यातून देव काहीतरी चांगलं करेल", "माझ्या बहिणीचं तर याहून वाईट झालं होतं" ही तीन वाक्यं मी त्या दिवसापासून सोडली. तुम्हीही सोडा.

मग म्हणायचं काय? "हे फार कठीण आहे." "मी ऐकतेय, सांग." "रात्री झोप लागते का?" "देवाशी बोलणं होतं का हल्ली? होत नसेल तरी चालेल, सांग." शेवटचा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि मऊ आवाजात. उत्तर "नाही" आलं तर चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका.

पाचवी पायरी: एकच वचन, हाताने लिहिलेलं

वचन द्यायचं, पण एक. चार कोरी पोस्टकार्डं पिशवीत ठेवत जा. घरी आल्यावर त्या माणसाचं नाव वर घालून एकच वचन लिहा आणि पुढच्या भेटीत हातात द्या. अशी कार्डं लोक पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत वर्षानुवर्षं ठेवतात.

वचन निवडताना दुखणं बघून निवडा. शोकात असलेल्याला विजयाची वचनं लगेच देऊ नका. स्तोत्र १३ मध्ये दावीद "किती वेळ, परमेश्वरा?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. देवाने असं गाऱ्हाणंसुद्धा आपल्या शास्त्रात ठेवून घेतलं, हे कळलं की पुष्कळांना रडू येतं आणि मग बरं वाटतं. घाबरलेल्यासाठी यशया ४३ च्या सुरुवातीची वचनं, अपराधी वाटणाऱ्यासाठी योहान २१. शिष्य पेत्राने निखाऱ्यांच्या शेकोटीजवळ उभं राहून प्रभूला नाकारलं होतं, आणि उठलेल्या प्रभूने त्याला पुन्हा निखाऱ्यांजवळच बोलावलं, न्याहारीसाठी.

प्रार्थना करण्याआधी विचारा: "आत्ता प्रार्थना करू का, की घरी जाऊन करू?" करायची तर दोन मिनिटांत. त्याने सांगितलं तेच देवासमोर मांडा. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका, "प्रभू, हिला समज दे की..." अशी सुरुवात झाली की समोरच्याला बरोबर कळतं बोलणं कुणाशी चाललंय.

आणि जे ऐकलं ते तिथेच ठेवा. आमच्या मंडळ्यांमध्ये चहाड्या फार वेळा "प्रार्थनेचा विषय" या नावाने फिरतात. "अमुकच्या घरी जरा अडचण आहे, जास्त सांगत नाही, प्रार्थनेत ठेवा." एवढं पुरतं. पुढच्या बुधवारच्या सभेपर्यंत अख्ख्या मंडळीला सगळं माहीत होतं आणि तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. दुसऱ्या कुणाला सांगायचं असेल तर आधी त्याला विचारून सांगा.

सहावी पायरी: पाचारण ओळखून द्या

विश्वासात टिकवणं हे अर्धंच काम. माणसाला देवाने कशासाठी बोलावलंय हे त्याला दिसायला मदत करणं हे त्याच्या पुढचं.

यासाठी माझा आदर्श बर्णबा. त्याचं खरं नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याला बर्णबा नाव दिलं ते त्याच्या धीर देण्याच्या स्वभावावरून. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, आधी तो विश्वासणाऱ्यांचा छळ करायचा म्हणून यरुशलेमेत सगळे घाबरत होते तेव्हा हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे अंत्युखियात काम वाढलं तेव्हा तार्सला जाऊन शौलाला शोधून आणलं. त्यांचा सोबती योहान मार्क पहिल्या प्रचारफेरीत अर्ध्यातून परत गेला होता. पौल म्हणाला, याला पुन्हा नको. बर्णबाने त्यासाठी पौलाशी मतभेद पत्करला आणि मार्काला घेऊन कुप्रला गेला. आणि आयुष्याच्या शेवटी, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं.

आता कृतीचं सांगते. नुसतं "छान झालं" म्हणू नका. काय छान झालं ते सांगा. आमच्या तरुण संघात एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, शब्द अडखळत बोलणारा. एका रविवारी त्याला शास्त्रपाठ वाचायला लावला. मधल्या एका नावावर तो अडकला, थांबला, खालचा ओठ दाताखाली धरला, बोट ओळीवर ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. उपासनेनंतर मी त्याला म्हटलं, "तू ते वाक्य पुन्हा वाचलंस ना, तेव्हा मला त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला. तू घाईने पुढे गेला नाहीस. वचनाबद्दल तुला आदर आहे." तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात स्वतःहून विचारायला आला, "काकू, परत कधी वाचू?" आज तो रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगतो. मुलं त्याच्या थांबण्याची वाट बघतात.

पाहिलेलं सांगितलंत की लहानसं काम द्या, आणि काम देताना तारीख, वेळ, कुणासोबत हे सगळं सांगा. "काहीतरी सेवा कर" हे पाचारण होत नाही. "१५ तारखेला चार वाजता माझ्यासोबत रुग्णालयात चल, तू फक्त बरोबर रहा" असं सांगा. दुसऱ्यांदा त्याला प्रार्थना करू द्या. तिसऱ्यांदा तुम्ही बाहेर थांबा. काम फसलं तर त्याच आठवड्यात भेटा. फसल्यानंतरचा पहिला रविवार सगळ्यात धोक्याचा.

पाचारण म्हणजे पाळक होणंच, हा गैरसमजही आपणच पसरवलाय. एक परिचारिका मला रडत म्हणाली, "रविवार-रविवार ड्यूटी, माझ्याकडून सेवाच होत नाही." मी विचारलं, रात्री तीन वाजता वॉर्डात काय करतेस? म्हणाली, एक आजी आहेत, कुणी येत नाही त्यांना, पाय दुखतात म्हणून दाबून देते, मग झोपतात त्या. मी म्हटलं, पोरी, आणि सेवा म्हणजे काय असते? त्यानंतर आम्ही तिच्या शिफ्टच्या वेळा बघून मंगळवारी दुपारी तिघी-चौघींची प्रार्थना सुरू केली, तिच्यासारख्याच इतर मुलींसाठी.

ज्याला खरंच पूर्णवेळ सेवेचं ओझं, म्हणजे मनापासूनची ओढ, आहे, त्याला मात्र गुलाबी चित्र दाखवू नका. आधी पाळकसाहेबांशी बोलायला लावा, एक-दोन वर्षं मंडळीत काम करू द्या, घरच्यांशी बोला, मानधन किती असतं ते स्पष्ट सांगा. मग सेवेचं शिक्षण घ्यायला पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. कॅथलिक मुलांसाठी गोरेगावला सेंट पायस टेन्थ कॉलेज आहे. तिथे शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी गाठ घालून द्या, माहितीपत्रकापेक्षा ते बरं. आणि मुलगी असेल तर "लग्न झालं की बघू" म्हणून तिचं ओझं पुढे ढकलू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं; आपल्या मुलींना हे नाव तरी माहीत असायला हवं.

घाई करू नका हे सगळ्यात शेवटी सांगते, कारण मला स्वतःला ते शिकायला वेळ लागला. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला. तो प्रवासी आपल्या वाटेने गेला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, आपल्या मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र त्या निर्णयापर्यंत यायला आणखी पाच वर्षं लागली, १९०० साल उजाडलं, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी. एकाच घरातल्या दोन माणसांचा वेगसुद्धा एक नसतो.

कुठे थांबायचं

कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर ते विश्वास कमी असल्याचं लक्षण समजू नका आणि नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, घरच्या भरवशाच्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे सोबत जा. गुप्ततेचं वचन इथे लागू नाही. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास असते, तिथे मराठीत बोलता येतं. औषध चालू असेल तर ते बंद करायला कधीही सांगू नका. घरात मारहाण होत असेल तर "सहन कर, नमतं घे" हा सल्ला देऊ नका. आधी ती आणि मुलं सुरक्षित, बाकी नंतर.

पैशांची मदत स्वतःच्या हाताने, एकट्याने करू नका. मंडळीच्या मदत निधीतून, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांमार्फत होऊ द्या, नाहीतर तुमच्या दोघांत देणारा-घेणारा असं नातं होतं आणि मोकळं बोलणं संपतं.

पाळकसाहेब आणि पाळकीणबाई यांची नावंही कधीतरी वहीत येऊ द्या. योनाथान रानात लपलेल्या आपल्या मित्राकडे, दावीदाकडे, गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला, तोही उद्याच्या राजाचा. पाळकांना धीर द्यायचा तर उपदेशातलं एक वाक्य गुरुवारी फोन करून सांगा, "या वाक्याने माझा आठवडा निघाला." रविवारी दारात सांगण्यापेक्षा गुरुवारी सांगितलेलं जास्त पोहोचतं.

शेवटची पायरी: पुन्हा जा

दफनविधीला दोनशे माणसं असतात. दहाव्या दिवशी दहा. तिसऱ्या महिन्यात कुणीच नाही, आणि दुःख खरं तिथे सुरू होतं. म्हणून वहीत तारखा लिहा: एक महिना, तीन महिने, लग्नाचा वाढदिवस, पहिला ईस्टर, पहिला नाताळ. नोकरी गेलेल्याच्या बाबतीत दर पगाराचा दिवस. परीक्षेत नापास झालेल्याच्या बाबतीत मित्रांचा निकाल लागतो तो दिवस.

मागच्या डिसेंबरात मी एका काकूंकडे गेले. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. "यंदा फराळ करत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "नका करू. मी माझ्या करंज्या तुमच्या ओट्यावर करते, आमच्याकडे गॅस संपलाय." गॅस खरंच संपला होता. पहिला घाणा झाला तेव्हा त्या खुर्चीतच होत्या. दुसऱ्याला उठल्या, माझ्या हातातलं कातणं घेतलं, करंजीची कड सारखी केली आणि म्हणाल्या, "त्यांना जाड कडेची आवडायची नाही."